थोरली पाती कुठे गेली? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

(चार पिढ्यांमागून का होईना, भाऊ लागतो आपण. म्हणून दादा.)

मृत्युपत्रावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: खापरपणजोबांचा कागद चुकांसकट अक्षर न् अक्षर उतरवण्याची हौस करण्यापेक्षा मी नावं आणि नाती नीट टिपली असती, तर वंशावळीतून तुमचे पणजोबा, म्हणजे अख्खी थोरली पातीच (थोरल्या मुलाची शाखा), गळली नसती. शिवाय आपलं गाव सांगली जिल्ह्यात असून मी सातारा लिहिलं, आणि घरातल्या बायकांच्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्या.

थोरली पाती गळली ही माझी चूक, त्यात वाद नाही. फक्त ती कशी झाली ते ऐका.

हा कागद आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत होता. बारा वर्षांपूर्वी मोडी जाणणाऱ्या एका गुरुजींकडे नेला. ते वाचत गेले आणि मी वहीत तीन रकाने आखून भरत गेलो: नाव, नातं, काय मिळालं. दुपारभरात काम उरकलं, मी खूश. आता तो तिसरा रकाना बघा. ज्याला काहीच मिळालं नाही त्याला माझ्या वहीत जागाच नव्हती! कागदात मात्र तो आहे, नवव्या ओळीत: ‘आमचा थोरला मुलगा आपला हिस्सा घेऊन विभक्त निघाला असे, सबब त्याचा यांत संबंध नाही.’ गुरुजींनी ही ओळ वाचली असणारच, माझ्या कानांवरून गेली. पूर्ण लिप्यंतर गेल्या वर्षी करून घेतलं, ते लेखात दिलं, आणि वंशावळ मात्र जुन्या वहीवरूनच टाकली. म्हणजे तुमचे पणजोबा गळले ते नावं-नाती टिपण्यातच. उतरवलेल्या मजकुरात ते जागेवर आहेत. आमच्या घरात थोरल्या पातीचं नाव निघत नसे, त्यामुळे कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही.

एरवीही, जुन्या मृत्युपत्रात मुलाचं नाव नाही म्हणजे मुलगा नव्हता, असं धरता येत नाही. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा येईपर्यंत एकत्र कुटुंबातला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने कुणाला देता येत नव्हता. वडिलोपार्जित जमिनीत मुलांचा जन्मानेच हक्क. कागदात येई ते बहुतेक स्वकष्टाचं. आपल्या कागदातही ओढ्याकाठचं खरेदीचं रान आहे, मळ्याची वडिलोपार्जित जमीन नावालाही नाही. ती शोधायची तर फेरफार (जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या सरकारी नोंदी) काढावे लागतील, आणि ते मी अजून काढलेले नाहीत.

आता चुकांसकट उतरवण्याबद्दल. कागदात एक वाक्य आहे: ‘कुटुंबास हयातीपावेतो अन्नवस्त्र द्यावे.’ माझ्या वहीत मी याचं काय केलं होतं? ‘कुटुंबाला पोटगी.’ वाचणाऱ्याला वाटेल, सगळ्या घरादाराची सोय केली. पण त्या काळी कुटुंब म्हणजे बायको. खापरपणजी तेव्हा हयात होती, हे सांगणारा कागदातला तो एकच शब्द, आणि मी तो आजच्या अर्थात घोळवून पुसून टाकला. म्हणून आता नियम असा केलाय की मूळ मजकूर जसाच्या तसा, आणि माझा अर्थ चौकटी कंसात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. तिथे मी शुद्धलेखन सुधारायला बसलो तर कागद त्यांचा राहणार नाही, माझा होईल.

साक्षीदारांची नावं कशाला, असंही विचारलंत. कागदावर शके 1840, कालयुक्तनाम संवत्सर, आश्विन वद्य असा काळ आहे. म्हणजे 1918 च्या ऑक्टोबरची अखेर. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत माणसं पटापट जात होती ते दिवस. तेव्हा आपल्या भागात हिंदूचं मृत्युपत्र तोंडी असलं तरी चालायचं. लेखी हवं आणि दोन साक्षीदार हवेत, ही सक्ती 1 जानेवारी 1927 पासूनची. सक्ती नसताना म्हाताऱ्याने चार जण बोलावून बसवले. त्यातले तिघे गावचेच. चौथ्यापुढे ‘कुटुंबाचे बंधू, राहणार मौजे पलूस’. खापरपणजीचं माहेर आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, ते असं सापडलं. तुमच्याकडे ठाऊक असेल तर कृपया हसू नका.

आणि सहीच्या जागी सही नाहीच, नांगराची निशाणी आहे, लिहिता न येणारा शेतकरी करायचा तशी. खापरपणजोबा मोडी सरसर लिहायचे अशी आमच्याकडे आख्यायिका आहे. असो.

साताऱ्याबद्दल: कागदात ‘तालुके तासगाव, जिल्हे सातारा’ असंच आहे आणि ते बरोबर आहे. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा 1949 ला झाला, त्याला सांगली हे नाव 1960 ला मिळालं. आजचं नाव मी कंसात द्यायला हवं होतं, ते आता टाकतो.

बायकांच्या गोष्टींबद्दल मी तुमच्याशी निम्मा सहमत आहे. नोंदणी झालेल्या मृत्युपत्राची नक्कल, करणारा गेल्यावर, दुय्यम निबंधकाकडून कुणालाही मागता येते. तेव्हा कायद्याच्या लेखी हे गुपित नाही. पण धाकट्या विधवा सुनेवर घातलेली ‘चालीने राहील तोवर’ (नीट वागेल तोवरच) ही अट मी मथळ्यात घ्यायला नको होती. मथळा बदललाय. मजकुरातली ओळ काढणार नाही. तिच्याबद्दल कुठेही लिहिलेलं तेवढं एकच वाक्य आहे.

वंशावळ आज दुरुस्त केली, थोरली पाती वर घेतली. पण तुमच्या पणजोबांच्या नावाखाली रेघ कोरीच आहे. ते हिस्सा घेऊन निघाले तर वाटणीपत्र झालेलं असू शकतं, आणि झालं असेल तर ते तुमच्याकडेच असणार. सापडलं तर दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. मागच्या बाजूला स्टॅम्पविक्रेत्याचा शेरा असतो, स्टॅम्प कुणी आणि कधी घेतला ते त्यात कळतं. घडी मात्र हळू उलगडा. आमचा कागद घडीवरच फाटलाय, आणि फाटलेल्या ओळीत विहिरीतला कुणाचा हिस्सा किती आणे, ते होतं.