होडी अजून वाळतेय

"आठचा आकडा येतो ना? मग होडी येणारच," असं चित्रकलेचे सर म्हणाले. मी मराठी माध्यमाचा. इमानेइतबारे ८ काढला, आडवा पाडला आणि बघत बसलो. घसरगुंडी झाली होती.

"अहो, इंग्रजी आठ!" सर म्हणाले.

इंग्रजी आठ आडवा केला की एक पोट मोठं, एक लहान ठेवायचं आणि त्यातून होडीचे काठ शोधायचे. सरांना ते अर्ध्या मिनिटात सापडले. मला आधी चष्मा सापडला, मग चप्पल. सातव्या प्रयत्नात जे आलं त्याला मी होडी म्हणालो आणि सर काही बोलले नाहीत.

मग तैलरंगाचा पहिला, तपकिरी थर. बर्न्ट अंबर नावाचा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून नुसता उजेड आणि सावली मांडायची. या रंगात मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो; म्हणून पाया त्याचा. या टप्प्यावर माझं चित्र जुन्या उस्तादांचं वाटत होतं. शहाण्या माणसाने तिथेच ब्रश धुतला असता.

मी निळा रंग उघडला.

तैलरंगाचा नियम असा की खाली हडकुळा थर, वर गुटगुटीत. म्हणजे वरच्या थरात तेल जास्त. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा आत चुळबुळत राहतो आणि चित्राला तडे जातात. नियम मी पाळला. पण वाळणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, ओल्या टॉवेलसारखं काहीतरी उडून जात असेल. तसं नाही. रंगातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात त्याचं वजन वाढतं. नुसती हवा खाऊन वजन वाढतं, हे मी डॉक्टरांना कितीदा सांगितलंय!

ही हवा खाण्याची क्रिया सावकाश चालते. पांढरा तर आठवडाभर बोटाला लागत होता. बोटाला, कोपराला, बायकोच्या ओढणीला. "अहो, ही होडी घरभर फिरतेय," ती म्हणाली. वास्तववादी चित्राला याहून मोठी दाद कोणती?

खरा छळ पाण्याचा. माझी होडी पाण्यात नव्हती, टेबलावर मोबाइल ठेवावा तशी पाण्यावर ठेवली होती. होडी पाण्याला टेकते तिथे गडद, थोडी तुटक रेघ लागते. ती ओढली आणि होडी एकदम दीड इंच बुडाली. मग प्रतिबिंब. ते होडी उलटी छापून होत नाही. गडद वस्तू पाण्यात जराशी उजळ दिसते, उजळ वस्तू जराशी गडद. शिवाय लाटांवर सगळं लांबतं, तुटतं. म्हणजे इथे वाकडं काढायची अधिकृत परवानगी! मी जीव ओतला. प्रतिबिंब अप्रतिम उतरलं.

चूक शोधायला चित्र आरशात बघावं, असं लिओनार्दो दा विंचीने लिहून ठेवलंय. बघितलं. डोलकाठी उजवीकडे कलतेय हे मला माहीत होतं. आरशात ती डावीकडे कलत होती. दोन्ही बाजू सारख्याच चुकल्यात म्हटल्यावर मी समतोल साधला असं धरलं.

वार्निश लावायला निदान सहा महिने थांबायचं असतं. तोवर चित्र भिंतीवर टांगलं. लेक आली, मान तिरकी करून बराच वेळ उभी राहिली.

"बाबा, उलटं लावलंय."

"सरळ आहे."

"पण वरच्यापेक्षा खालची होडी खरी वाटतेय."

मी तिला सांगितलं, की हेन्री मातिससारख्या नामांकित फ्रेंच चित्रकाराचं होडीचं चित्र १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. होडी आणि तिचं प्रतिबिंब, एवढंच त्यात. तिथल्या जाणकारांच्या लक्षात आलं नाही. सांगितलं ते बघायला आलेल्या एका बाईंनी.

"मग मी तेच तर करतेय," लेक म्हणाली आणि खुर्ची ओढून चित्र फिरवलं.

छान दिसतंय. खालच्या कोपऱ्यात सही तेवढी राहिलीय. खालचा कोपरा कोणता, यावर घरात अजून एकमत नाही.