‘आपण’ म्हणायची फी

क्लबाचं ओळखपत्र आलं तेव्हा त्यावर माझं नाव चुकलेलं होतं. आधी आडनाव, मग वडिलांचं नाव, आणि मी स्वतः जागेअभावी गळालेलो. म्हणजे कागदोपत्री सभासद झाले होते ते माझे वडील, ज्यांनी आयुष्यात फुटबॉलचा एकही सामना शेवटपर्यंत पाहिलेला नाही. तरीही खाली सोनेरी अक्षरांत ‘अधिकृत सभासद’ असं छापलेलं होतं, त्यामुळे मी ते कार्ड तीन रात्री उशाखाली घेऊन झोपलो.

बायकोने चौथ्या दिवशी ते उलटून पाहिलं. ती पेशाने हिशेबनीस आहे. मागच्या बाजूला बारकोडशिवाय काही नव्हतं.

“म्हणजे नेमकं काय मिळतं?” तिने विचारलं.

हा प्रश्न साधा वाटतो. गेली सहा वर्षं मी त्याचं उत्तर शोधतो आहे.

पहिलं उत्तर मी ठणकावून दिलं होतं, “तिकीट!” ते चुकीचं निघालं. मोठ्या क्लबाच्या सभासदत्वाने तिकीट मिळत नाही, तिकीट मागायचा हक्क मिळतो. खुर्च्या थोड्या आणि सभासद भाराभर. त्यामुळे आधी हंगामी पासवाले, मग ज्यांच्याकडे निष्ठेचे गुण जास्त आहेत ते, आणि त्यानंतर आमच्यासारख्यांसाठी सोडत. निष्ठेचे गुण सामन्याला गेल्यावर मिळतात, आणि सामन्याला जायला गुण लागतात. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, या म्हणीवर कुणीतरी तिकडे संगणकप्रणाली उभारलेली आहे.

तरी एकदा मी ऑनलाइन रांगेत उभा राहिलो. म्हणजे बसलो. पडद्यावर एक छोटा माणूस पट्टीवरून चालत होता आणि खाली लिहिलं होतं, ‘तुमच्यापुढे ३८,४१२ जण आहेत. पान रिफ्रेश करू नका.’ मी तीन तास त्या माणसाकडे पाहत होतो. तो माझ्याहून संथ चालत होता, पण निदान कुठेतरी चालला होता. पाणी प्यायला उठलो नाही. शिंक आली तेव्हा दोन्ही हात हवेत धरले, चुकून बोट कुठे लागायला नको म्हणून. शेवटी दार उघडलं आणि एकच खुर्ची शिल्लक होती, ‘खांबामुळे दृश्य अंशतः अडते’ अशा टिपेसह.

“तू गेला असतास?” बायकोने विचारलं.

“छे! ते शहर कुठे, आपण कुठे. शिवाय सामना मंगळवारी.”

“मग?”

“पण मिळायला तर हवं ना!”

तिने वहीत काहीतरी लिहिलं. आमच्या घरात या विषयाची एक वेगळी वही आहे.

स्वागतसंचाबद्दल मी फारसं बोलणार नाही. एक पिन, एक किचेन, एक मफलर आणि आमच्या आघाडीवीराच्या छापील सहीचं पत्र, ‘तूच आमचा बारावा खेळाडू’. पार्सल पोचेपर्यंत तो आघाडीवीर आमच्या हाडवैऱ्यांकडे गेलेला होता. बारावा मात्र इथेच होता, मफलर घालून. पुढे माझ्या वाढदिवसालाही त्याच्याच सहीच्या शुभेच्छा आल्या. त्याच संध्याकाळी त्याने आमच्यावर दोन गोल केले. क्लबाच्या दुकानात दहा टक्के सूट असते हेही खरं आहे, फक्त टपालखर्च तिच्याहून मोठा असतो.

माझा एक मित्र आहे, याच क्लबाचा चाहता. त्याने आजवर छदाम दिलेला नाही. सामने तो आमच्याच घरी येऊन पाहतो, प्रशिक्षकाला शिव्या माझ्याहून मोठ्याने घालतो, आणि करंडक जिंकलो त्या रात्री पहिला मेसेज त्याचाच होता: ‘जिंकलो आपण!’

आपण? मी कार्ड काढून बघितलं. त्या ‘आपण’मध्ये मी फी भरून शिरलो होतो (तांत्रिकदृष्ट्या वडील शिरले होते), आणि हा फुकट फौजदार थेट आत! मी त्याला तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, “अरे, तू भरतोस ना? मग झालं. दोघांचं एकच.” बायकोला हे फार पटलं. तिच्या मते आमच्यात तोच एक हिशेबी माणूस आहे.

त्या रात्री मी पुरावे गोळा करायला बसलो. जगात आपल्याहून मोठे वेडे आहेत हे सिद्ध झालं की आपण शहाणे ठरतो, असा माझा बेत होता. पहिला मोठा पुरावा अमेरिकेत सापडला. ग्रीन बे पॅकर्स हा तिथल्या फुटबॉलमधला नामांकित संघ कुणा अब्जाधीशाचा नाही, चाहत्यांचा आहे. १९२३ साली त्यांनी पहिल्यांदा शेअर विकले आणि सहाव्यांदा २०२१ साली विकायला काढले. आज पाच लाखांहून जास्त लोक त्या संघाचे मालक आहेत! मी विजयी मुद्रेने सगळं बायकोला वाचून दाखवलं. ती ‘शेअर’ शब्द ऐकून पहिल्यांदाच जवळ येऊन बसली.

“लाभांश किती?”

“लाभांश नसतो.”

“बरं, भाव वाढला की विकता येतात?”

“भाव वाढत नाही. आणि बाजारात विकताही येत नाहीत. फार तर घरातल्या कुणाच्या नावावर करता येतात.”

“मग सामन्याचं तिकीट तरी?”

“त्याची रांग वेगळी आहे. शेअर असून उपयोग नाही. तिथे मूल जन्मलं की हंगामी पासच्या यादीत त्याचं नाव टाकतात.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “याला शेअर नाही म्हणत. याला पावती म्हणतात.” आणि तरीही, मी तुम्हाला सांगतो, तिच्या आवाजात किंचित आदर होता. पाच लाख गिऱ्हाइकांना काहीच न देता विकायचं, आणि सहा-सहा वेळा! हिशेबनीस माणसाला असल्या गोष्टीचं कौतुक वाटतंच.

दुसरा पुरावा क्रिकेटचा, कारण क्रिकेटला घरात थोडा मान आहे. लॉर्ड्सचं मैदान ज्यांच्या मालकीचं आहे तो मेरिलबोन क्रिकेट क्लब १७८७ सालचा. पूर्ण सभासद अठरा हजारांच्या आसपास आणि प्रतीक्षायादी काही दशकांची. म्हणजे अर्ज करताना डोक्यावर केस असतात आणि कार्डावरच्या फोटोत ते नसतात. बायकांना आत घ्यायचं की नाही, याचा निर्णय या क्लबाने १९९८ साली केला. २११ वर्षं विचार चालू होता. हे ऐकून बायकोने वहीचं नवं पान उघडलं, म्हणून मी घाईघाईने पुढे सरकलो.

एवढं थांबून मिळतं काय? मिळते ती लाँग रूम. पॅव्हेलियनमधला हा लांबलचक दिवाणखाना, आणि खेळाडूंना मैदानात जाता-येता त्यातूनच चालावं लागतं, सभासदांच्या अगदी खांद्याजवळून. २०२३ च्या अ‍ॅशेसमध्ये इंग्लंडचा जॉनी बेअरस्टो क्रीजबाहेर रेंगाळला आणि ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलेक्स कॅरीने त्याला यष्टिचीत केलं. जेवणाच्या सुट्टीला ऑस्ट्रेलियाचे खेळाडू लाँग रूममधून परतताना टाय लावलेले हे सभ्य सभासद त्यांच्यावर चक्क ओरडले. नंतर तिघांना निलंबित केलं गेलं.

मला त्या तिघांबद्दल अपार सहानुभूती आहे. वागले वाईटच, त्यात वाद नाही. पण हिशेब बघा. अर्धं आयुष्य रांगेत काढायचं, शेवटी आत यायचं, खेळाडूवर दोन हातांवरून ओरडायची सुवर्णसंधी यायची, आणि ती घेतली की बाहेर! माझा मित्र रोज आमच्या सोफ्यावरून ओरडतो. त्याला कुणी निलंबित करत नाही. मी एकदा सुचवून पाहिलं होतं.

एव्हाना माझ्या लक्षात आलं की मी बायकोच्या बाजूचेच पुरावे गोळा करतोय. म्हणून मी हक्कांकडे वळलो. सभासद म्हणजे नुसतं गिऱ्हाईक नव्हे, त्याला मत असतं! आमच्या क्लबातही मतदान होतं. गेल्या वर्षी शुभंकराच्या टोपीसाठी दोन पर्याय दिले होते, गडद निळा आणि जास्त गडद निळा. मी रात्रभर विचार करून मत दिलं. एका बड्या इटालियन क्लबाने तर आपलं डिजिटल टोकन विकत घेतलेल्या चाहत्यांना गोल झाल्यावर कोणतं गाणं वाजवायचं ते ठरवू दिलं होतं. गोल कुणी करायचा हे अर्थातच विचारलं नाही.

खरं मत असतं ते वेगळं. जर्मनीत बहुतेक क्लबांत निम्म्याहून एक तरी जास्त मत सभासदांच्या संस्थेकडे राहावं असा नियमच आहे. स्पेनमध्ये बार्सिलोना आणि रेआल माद्रिद यांचे मालक त्यांचे सभासद आहेत. अध्यक्ष ते निवडतात. आता हे ऐकून कुणाच्याही मनात येईल ते माझ्याही आलं. रेआलचा अध्यक्ष व्हायला काय लागतं ते मी पाहिलं. स्पॅनिश नागरिकत्व, वीस वर्षांचं सभासदत्व, आणि क्लबाच्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या पंधरा टक्के रकमेची बँक हमी. ही हमी स्वतःच्या मालमत्तेवर द्यायची. वीस वर्षं मी कशीही काढली असती. नागरिकत्वाचंही बघता आलं असतं. बँकेत मात्र माझी हमी माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या स्कूटरलाही चालली नव्हती.

बर्लिनच्या युनियन क्लबाची गोष्ट मात्र मी बायकोला मुद्दाम सांगितली नाही. २००४ साली क्लबाकडे पैसे नव्हते, तेव्हा चाहत्यांनी रक्तदान केलं. तिकडे रक्तदात्याला मोबदला मिळतो, तो त्यांनी क्लबाला दिला. आपण ‘क्लबासाठी रक्त आटवलं’ म्हणतो, त्यांनी बाटलीत मोजून दिलं. पुढे २००८-०९ मध्ये स्टेडियम दुरुस्त करायला पैसे कमी पडले, तर दोन हजारांवर माणसं घमेली-फावडी घेऊन आली आणि एक लाख चाळीस हजार तास राबली. तिथे कुणाला ‘म्हणजे नेमकं काय मिळतं’ असं विचारायची सोयच नाही. पायरीवर बसलेला माणूस म्हणेल, ही पायरी मी घातली. मी मफलर घडी करून ठेवला आणि त्या रात्री लवकर झोपलो. आमच्या घरात दिवाळखोरीपेक्षा रक्तदाबाची काळजी जास्त आहे, आणि मी बर्लिनला जाऊन वाळू चाळेन अशी भीती बायकोला नको होती.

मग गेला हंगाम आला. त्याचं वर्णन करणार नाही. आम्ही एवढे हरलो की फुकट फौजदारानेही यायचं सोडलं. पहिल्यांदाच सोफ्यावर मला आडवं व्हायला जागा मिळाली. त्याचे मेसेज अजून येत, पण व्याकरण बदललं होतं. ‘हरलात तुम्ही.’

हंगाम संपला आणि आम्ही खालच्या श्रेणीत घसरलो. सभासदत्वाच्या नूतनीकरणाचं पत्र आलं, फी तीच. आता मात्र पुरे, असं ठरवून मी रद्द करायचं बटण शोधायला बसलो. ते ‘आनंद’, ‘अधिक आनंद’ आणि ‘कुटुंब’ अशा तीन पानांमागे, तळाशी, राखाडी अक्षरांत होतं. दाबल्यावर कारणांची यादी उघडली: ‘शहर बदलले’, ‘आर्थिक अडचण’, ‘खेळात रस उरला नाही’. ‘बायकोचं बरोबर होतं’ हा पर्याय नव्हता. मी पुन्हा मागच्या पानावर गेलो आणि तिथे मला माझा सभासद क्रमांक दिसला.

तो बदललेला होता.

हे थोडं समजावून सांगायला हवं. काही जुन्या क्लबांत सभासदांना ज्येष्ठतेप्रमाणे क्रमांक असतात, आणि कुणी सोडून गेलं किंवा वारलं की अधूनमधून सगळ्यांना पुन्हा क्रमांक देतात. लिस्बनच्या बेनफिकात असं होतं. तिथे सभासद किती, तर २००६ साली १,६०,३९८ सभासदांचा गिनेस विक्रम त्यांच्या नावावर लागला होता. म्हणजे तिथे पहिल्या शंभरात यायचं तर कौशल्य नव्हे, आयुर्मान लागतं. आमच्या क्लबातही तशीच पद्धत आहे, दर हंगामाअखेर. सहा वर्षांत माझा क्रमांक मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होता. आणि या एका हंगामात मी एकदम नऊ हजारांनी वर आलो होतो! नऊ हजार लोक पळाले होते.

मी ओरडलोच. बायको धावत आली.

“काय झालं? कोण गेलं?”

“नऊ हजार जण!” मी म्हणालो. “आणखी असे दोन हंगाम, की मी पहिल्या हजारात! तिकीट, पाससुद्धा! खांबाशिवाय!”

तिने क्रमांक पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या हिशेबी डोक्याने जे कुणाही शहाण्या माणसाच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले असते ते दोन सेकंदांत गाठलं.

“म्हणजे क्लब जितका बुडेल तितका तुझा फायदा?”

“असं कसं बोलतेस!” मी म्हणालो आणि फी भरली.

नव्या हंगामाचा पहिला सामना रविवारी होता. मफलर घालून मी सोफ्यावर एकटाच बसलो होतो. अकराव्या मिनिटाला समोरच्यांनी गोल केला. माझ्या तोंडून “अरेरे!” निघालं, अगदी मनापासून निघालं. पण ते म्हणताना मी बोटांवर काहीतरी मोजत होतो, आणि बायको वहीत ते लिहून घेत होती.