शेरास दीडशेर

तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी सकाळी, पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून-उतरून आम्ही पायथ्याच्या अमृततुल्यात बसलो असताना माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेले. ‘फ्लॉइड मेवेदर हा मुष्टियोद्धा म्हणून माइक टायसनपेक्षा सरस आहे,’ एवढेच मी म्हणालो होतो. चहा यायला अवकाश होता, कोणी काही बोलत नव्हते, आणि शांतता दिसली की ती भरून काढायची ही माझी जुनी खोड आहे. अप्पांनी हातातला क्रीमरोल बशीत ठेवला. अप्पांनी खाण्याचा पदार्थ अर्धवट खाली ठेवला म्हणजे प्रकरण गंभीर असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

‘‘म्हणजे टायसनला तो हरवेल, असं म्हणणं आहे का तुमचं?’’

माझे तसे मुळीच म्हणणे नव्हते. सरस असणे निराळे आणि हरवणे निराळे, हे मला त्याच क्षणी सांगता आले असते; परंतु आपल्याच विधानाचा खुलासा करणे म्हणजे पुण्यात माघार समजली जाते, म्हणून मी म्हणालो, ‘‘हरवेल की! न हरवायला काय झालं?’’ त्या ‘की’ची शिक्षा मी अद्याप भोगतो आहे. गणपती आणि दिवाळी सोडली तर एकही रविवार असा गेलेला नाही, ज्या दिवशी ही लढत पुन्हा सुरुवातीपासून खेळली गेली नाही.

वादात भाग घेणाऱ्यांची पात्रता सांगणे आवश्यक आहे. अप्पा बँकेतून निवृत्त झालेले असून त्यांचे वजन ९८ किलो आहे. लहानपणी त्यांनी सदाशिव पेठेतल्या एका तालमीत दोन वर्षे घालवली होती आणि ती माती अजून पाठीला लागलेली असल्यासारखे ते बसतात. नाना ५२ किलोंचे असून बारा महिने छत्री बाळगतात. सर भौतिकशास्त्र शिकवत असत, आणि कोणी थांबवले नाही तर अजूनही शिकवतात. यांपैकी एकानेही जन्मात मुष्टियुद्धाचे हातमोजे घातलेले नाहीत. माझा स्वतःचा या खेळाशी आलेला एकमेव संबंध इयत्ता सातवीतला असून त्यात माझी भूमिका केवळ नाकाची होती.

आता मूळ मुद्दा. टायसन १९८६ साली वयाच्या विसाव्या वर्षी हेवीवेटचा, म्हणजे सर्वांत वजनदार गटाचा, जगज्जेता झाला, त्या वयात आमच्यापैकी दोघे बी. कॉम.च्या एटीकेटीत अडकले होते. त्या काळात त्याचे वजन सुमारे २२० पौंड असे. मेवेदर ५० लढती लढला आणि ५० जिंकला. पण त्याचे नाव ज्या वेल्टरवेट गटाशी जोडले गेले, त्याची मर्यादा आहे १४७ पौंड. पुण्यात पौंड हे परिमाण आता फक्त केकच्या दुकानात शिल्लक राहिले असल्यामुळे नानांनी लगेच हिशोब मांडला, की मेवेदर म्हणजे अर्ध्या पौंडाचे २९४ केक. यावर अप्पा म्हणाले, ‘‘आपल्या पूर्वजांनी शेरास सव्वाशेर म्हणून ठेवलंय. पाव शेराची सूट त्यांना मान्य होती. इथं शेरास दीडशेर होतोय!’’ मी रुमालाआड मोबाइलवर भागाकार केला. तो खरोखरच दीड आला. अप्पांच्या बाबतीत हा अनुभव फार क्लेशकारक असतो.

नानांचा हुकमाचा एक्का निराळा होता. मेवेदरच्या हातांचा पल्ला ७२ इंच आणि टायसनचा ७१, ही माहिती त्यांनी घरून कागदावर लिहून आणली होती. लहान माणसाचा हात मोठ्यापेक्षा लांब! सर्वजण क्षणभर चकित झाले. अप्पा मात्र शांतपणे म्हणाले, ‘‘एक इंच लांब हातानं माणूस फार तर फळीवरचा डबा काढील.’’

मग अपरिहार्यपणे ‘पौंड फॉर पौंड’ आले. आमच्यात नव्याने येऊ लागलेल्या एका गृहस्थांना ते बराच वेळ पौड फाट्याविषयी वाटत होते, आणि तिथल्या वाहतुकीबद्दल त्यांनी जे सांगितले ते त्या दिवशीच्या चर्चेतले सर्वांत भरीव विधान होते. वास्तविक या शब्दप्रयोगाचा अर्थ असा, की दोघांचे वजन सारखे आहे असे धरून चालायचे आणि मग श्रेष्ठ कोण ते ठरवायचे. परंतु ‘धरून चालायचे’ हे अप्पांना मंजूर नाही. टायसन ६६ किलोंचा केला तर तो टायसन राहील का, आणि कमी केलेले ३३ किलो नक्की कुठून कमी करायचे, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. ‘‘अहो, दगडूशेठच्या गणपतीची बोटाएवढी मूर्ती असली तरी आपण नमस्कार करतोच ना?’’ नाना म्हणाले. ‘‘नमस्कार करतो, पण तिच्यासाठी कोणी नगरहून येऊन रांगेत उभं राहत नाही,’’ अप्पा म्हणाले.

या ठिकाणी सर घसा साफ करतात. उंची दुप्पट केली तर स्नायूंचा छेद चौपट होतो, पण वजन आठपट होते. म्हणून लहान माणूस वजनाच्या मानाने अधिक ताकदवान असतो, हे त्यांनी आम्हांला चहाच्या ग्लासांवर दाखवले आहे. तुर्कस्तानच्या नईम सुलेमानोग्लू याने १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलोंच्या गटात १९० किलो डोक्यावर उचलले, हा त्यांचा पुरावा. नाना सुखावतात. मग सर म्हणतात, ‘‘परंतु ठोसा खाणाऱ्याला, मारणाऱ्यानं स्वतःच्या वजनाच्या मानानं किती जोर लावला याच्याशी कर्तव्य नसतं.’’ आता अप्पा सुखावतात. दोन्ही पक्षांना प्रत्येकी एकदा सुखावून सर क्रीमरोल खातात आणि पैसे मात्र कोणाच्याही बाजूने देत नाहीत.

इतिहास मदतीला येईल असे मला एके काळी वाटत असे. १९१९ साली १८७ पौंडांच्या जॅक डेम्प्सीने २४५ पौंडांच्या जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली बसवले, हे मी सांगितले की अप्पा मायकल स्पिंक्सला उभे करतात. हा खालच्या लाइट हेवीवेट गटातून वर आलेला, तोपर्यंत अपराजित असलेला पहिलवान. १९८८ मध्ये टायसनने त्याला ९१ सेकंदांत आडवा केला. ‘‘एवढ्या वेळात आपल्याकडे चहाला उकळीसुद्धा फुटत नाही,’’ हे अप्पांचे त्यावरचे भाष्य. मी रॉय जोन्सचे नाव घेतो. मूळचा मिडलवेट, म्हणजे मधल्या वजनाच्या गटातला, असलेल्या या माणसाने २००३ मध्ये जॉन रुईझला हरवून हेवीवेटचे जगज्जेतेपद मिळवले, आणि मिडलवेटच्या माजी विजेत्याने असे करणे १८९७ नंतर प्रथमच घडत होते. पण तो पुन्हा वजन उतरवून खाली आला आणि २००४ मध्ये दुसऱ्याच फेरीत बाद झाला. यावर मात्र आमचे एकमत आहे. चढताना फक्त दम लागतो, गुडघे जातात ते उतरताना, हे पर्वतीवर नियमाने येणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

माझी स्वतःची सहानुभूती एका वेगळ्याच माणसाकडे आहे. ‘पौंड फॉर पौंड’ हे बिरुद ज्याला कायमचे चिकटले, त्या शुगर रे रॉबिन्सनने २५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये वरच्या गटातल्या जोई मॅक्सिमला आव्हान दिले होते. फरक जेमतेम सात किलोंचा होता. रॉबिन्सन गुणांवर स्पष्ट पुढे होता. पण उकाडा इतका भयंकर होता, की तेराव्या फेरीनंतर त्याला जागेवरून उठताच आले नाही. त्याआधीच, दहाव्या फेरीनंतर, पंच रूबी गोल्डस्टीन उष्म्याने गळून गेले आणि त्यांच्या जागी दुसरा पंच आणावा लागला. कोणाला एकही ठोसा न मारता, कोणाचा एकही न खाता, केवळ दोघांच्या मध्ये उभे राहून गळून जाणे म्हणजे काय, हे मी जाणतो. त्यांना बदली पंच मिळाला, एवढाच फरक.

गेल्या रविवारी अप्पांची नात त्यांच्याबरोबर आली होती. ही मुलगी खरोखर मुष्टियुद्ध खेळते. अप्पांनी आम्हांला हे तीन वर्षे सांगितले नव्हते. तज्ज्ञ घरातच असला की वादात मजा राहत नाही, असे त्यांचे मत असावे. सर्वांनी एकदम तिच्याकडे तोंडे वळवली आणि अप्पांनी, स्वतःची बाजू किंचित ठळक करून, तिच्यापुढे खटला ठेवला.

तिचे लक्ष नव्हते. ती शेजारच्या गाडीवरून आलेल्या कांदाभज्यांच्या बशीकडे पाहत होती. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर तेलाचा डाग हळूहळू एका जाहिरातीवर पसरत चालला होता, आणि त्या डागाबरोबर तिची नजर सरकत होती.

‘‘घे की,’’ नाना म्हणाले.

‘‘नको आजोबा. मंगळवारी वजन आहे. सहाशे ग्रॅम जास्त भरतंय.’’ मग तिने खालच्या आवाजात विचारले, ‘‘नुसता वास घेऊ का?’’

बशी पुढे करण्यात आली. तिने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि बशी परत केली. सरांनी विचारले, की सहाशे ग्रॅमने असा काय फरक पडतो. ती म्हणाली, ‘‘वरच्या गटात जावं लागतं. तिथल्या मुली तीन किलोंनी मोठ्या असतात. मागं एकीबरोबर सराव केला, तर दोन दिवस पोळी चावता येत नव्हती.’’ तीन किलो! मेरी कोमलाही २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी ४८ किलोंवरून ५१ वर जावे लागले होते, कारण महिलांसाठी त्याहून हलका गट तिथे ठेवलेलाच नव्हता. तिथून तिने कांस्यपदक आणले. हे वाक्य मी शेकडो वेळा वाचले असेन. त्यातल्या तीन किलोंना चव असते, हे मला त्या बशीमुळे समजले.

कोणी काही बोलेना. अप्पांनी बशी दूर सारली. त्यांच्या आयुष्यातली ती अशी पहिलीच बशी असावी. नात म्हणाली, ‘‘मी आणखी दोनदा चढून येते,’’ आणि उन्हात, अंगात जाड जॅकेट घालून, पायऱ्यांकडे पळत गेली. ती वळणाआड होईपर्यंत आम्ही चौघेही तिच्याकडे पाहत राहिलो.

मग अप्पांनी बशी परत ओढली, एक भजे उचलले, ते अर्धे खाऊन खाली ठेवले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘पण काय हो, हीच जर शंभर किलोंची असती तर?’’

चहा यायला अवकाश होता. कोणीच काही बोलत नव्हते.

‘‘मेवेदरला हरवेल की!’’ मी म्हणालो.