एक स्टार देणाऱ्या ग्राहकाला उत्तर: लाइन खरी आहे, भरली मात्र आम्ही चुकीची

नमस्कार. मी मासेमारीच्या सामानाच्या दुकानाचा मालक. तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. तुमचं म्हणणं असं: १० पाउंडाची (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) म्हणून दिलेली ब्रेडेड, म्हणजे तंतू विणून केलेली, लाइन शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक, म्हणजे डुप्लिकेट. ड्रॅग (लाइन किती सहज सुटावी ते ठरवणारा रिळाचा ब्रेक) पूर्ण आवळला तरी लाइन सुटत राहिली, पाचव्या-सहाव्या फेकीला मूठभर गुंता झाला, एक गाठ आपोआप सुटली. शेवटी बोटाने लाइन दाबून धरली, तर दोन क्रॅपी मासे काठाशी येऊन ओठ फाटून गेले. वर काउंटरवरच्या मुलाने "लाइनला काही झालेलं नाही" एवढंच ऐकवलं. तुम्ही रागाने रीळ तिथेच ठेवून गेलात, ते एका अर्थी बरं झालं. आज सकाळी मी ते स्वतः तपासलं.

आधी आमची चूक. ड्रॅग आवळलेलाच ठेवून लाइन ओढून पाहिली. स्पूल (रिळातली लाइन गुंडाळायची फिरकी) जागचं हललं नाही, पण त्यावरचं लाइनचं अख्खं वेटोळं गरागरा फिरलं. तुम्ही ड्रॅग कितीही पिळला असतात तरी उपयोग नव्हता. ब्रेडेडचे तंतू पॉलिथिलीनचे, गुळगुळीत. नुसत्या धातूवर ते पकड घेत नाहीत. म्हणून तळाला आधी थोडं नायलॉन मोनो (एकाच तंतूची साधी लाइन) गुंडाळायचं, निदान टेपचा एक वेढा द्यायचा, आणि मग वर ब्रेडेड भरायची. आमच्याकडून ते झालं नाही. शिवाय स्पूल काठोकाठ भरलेलं! दोन-तीन मिलिमीटर कड मोकळी सोडायला हवी होती. हे दोन्ही आमच्या माथ्यावर, आणि त्या मुलाच्या उत्तराबद्दलही माफी मागतो.

गुंत्याचं मात्र आणखी एक कारण आहे. तुमचं जिग (वजन जडवलेला गळ) एक ग्रॅमचंसुद्धा नाही. एवढ्याशा वजनाने लाइन ताठ राहत नाही, वळसे सैल बसतात आणि पुढच्या फेकीला तीन-चार एकदम बाहेर पडतात. फेक झाली की हँडल फिरवून बेल (रिळावरची तारेची कमान) बंद करू नका. हाताने पाडा, लाइनला एक हलकी ओढ द्या, मग गुंडाळायला लागा. वारा असेल त्या दिवशी तर हे विसरूच नका.

डुप्लिकेटचा आरोप मात्र मला मान्य नाही. १० पाउंडाची ब्रेडेड साधारण ०.१५ मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे २ पाउंडाच्या मोनोएवढी. तिचा बारीकपणा हाच तर तिचा गुण. हलकं जिग लांब जातं ते त्यामुळेच.

गाठीचं म्हणाल, तर तुमच्या लाइनचं टोक कात्रीने कापल्यासारखं नीट आहे. तुटली असती तर तंतू पिंजारलेले दिसले असते. म्हणजे गाठ सरकली. मोनोला आपण सगळे सवयीने बांधतो ती क्लिंच गाठ यात दगा देते. पालोमार गाठ बांधा, आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा. खरं तर जिग थेट ब्रेडेडला बांधूच नये. मध्ये ४ पाउंडाच्या फ्लुरोकार्बन लाइनचा मीटरभर लीडर (टोकाचा जोडतुकडा) घ्या, जोडाला डबल युनी गाठ. पाण्यात तो कमी दिसतो, आणि जिग कुठे अडकलंच तर लीडर आधी तुटतो, बाकीची लाइन वाचते. (अडकलेली ब्रेडेड हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, बोट चिरतं. काठीला गुंडाळून ओढा.)

आता मासे. त्यांचं मलाही वाईट वाटलं. क्रॅपीचा ओठ कागदासारखा. मोनो ताणली जाते, तेवढा धक्का ती पोटात घेते. ब्रेडेड जवळजवळ ताणलीच जात नाही, सगळा झटका सरळ ओठावर. त्यात बोटाने दाबल्यावर सुटायला वावच उरला नाही, आणि ती वेळ तुमच्यावर आमच्यामुळे आली. ड्रॅग इतका सैल ठेवा की हाताने ओढल्यावर लाइन विनातक्रार निघावी. रॉड मऊ टोकाचा घ्या आणि हिसका मारू नका, नुसतं मनगट उचला.

आणखी एक, जे विकतानाच विचारायला हवं होतं: तुम्ही गरवता कसे? खोल पाण्यात ब्लूगिल माशाने आमिष तोंडात घेऊन थुंकलं तरी हाताला कळावं, यासाठी ब्रेडेडला तोड नाही. पण काठाजवळ, उथळ पाण्यात फ्लोट लावून बसणार असाल तर ४ पाउंडाची साधी मोनो पुरते, आणि माझ्या मते तीच बरी. तिथे ब्रेडेड विकणं म्हणजे उगाच डोक्याला ताप.

तुमचं रीळ तळाला मोनो घालून, कड सोडून नव्याने भरलंय. लीडरही जोडलाय, त्याचे पैसे नाहीत. मोनोच हवी असेल तर ती भरून देतो, नाहीतर लाइनचे पूर्ण पैसे परत. याल तेव्हा मला बोलवा, पालोमार समोर बांधून दाखवतो. स्टार तसाच राहू द्या, हवं तर.