रबर लावलेली अकरा कार्डं

आज संध्याकाळी शारजात एटीएमच्या रांगेत उभी होते. पुढच्या माणसाने खिशातून रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा काढला. प्रत्येक कार्डाला चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने लिहिलेला पिन. कार्ड घाल, पैसे काढ, पुढचं घे. मी मोजली, अकरा. रांगेत कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. घरी आल्यापासून त्याचाच राग डोक्यात आहे.

सकाळी ग्रुपवर कौतुक चाललं होतं, अरब देशांत कायदे कसे पटापट डिजिटल होतात म्हणून. होतात, मान्य. सौदीत व्हॅटवाल्या दुकानदाराला डिसेंबर २०२१ पासून हाताने बिल फाडता येत नाही. दुबईने २०२२ मध्ये क्रिप्टोसाठी वेगळा कायदा करून वेगळं प्राधिकरणच उभं केलं.

पण मला मामा आठवतो. खेडचा. २००६ मध्ये इथे सळ्या बांधायच्या कामावर होता. पगार पाकिटात मिळायचा आणि रजिस्टरवर सही घेताना फोरमन आकड्यावर पंजा ठेवायचा. "सही करायला बोटभर जागा उघडी ठेवायचा गं," मामा सांगतो. कागदावर हजार दिरहम, पाकिटात सातशे. तक्रार कुठल्या तोंडाने करणार, सही तर त्याचीच!

मग २००९ मध्ये अमिरातीने पगार बँकेतून किंवा मनी एक्स्चेंजमधूनच द्यायची सक्ती केली. किती दिले ते मजूर मंत्रालयाला दिसायला लागलं, पगार थकवला की कंपनीची नवी वर्क परमिटं अडायला लागली. सौदीने २०१३ पासून हेच सुरू केलं, कतारने २०१५ मध्ये. माझ्या मते मजुरासाठी आखातात याहून मोठं काही झालेलं नाही. मामाने पगाराचा पहिला एसएमएस वर्षभर डिलीट केला नव्हता. जेवताना फोन काढून आम्हाला दाखवायचा, पूर्ण हजार.

म्हणूनच आज पोटात तुटलं. त्या अकरा जणांचा पगार मंत्रालयाच्या हिशेबात वेळेवर आणि पूर्ण जमा झालेला असणार. फोरमनचा पंजा रजिस्टरवरून उचलला गेला तो थेट कार्डावर पडला, आणि कायद्याला तो दिसतच नाही.

असेलही, पोरांनीच विश्वासाने कार्डं दिली असतील. मजुरांचा कॅम्प लांब, सुट्टी एकच. असेल. पण अकराही जणांनी?

आणि घरकामाच्या बायका? २००९ चा नियम त्यांच्यासाठी नव्हताच. त्यांच्यापर्यंत यायला दहा वर्षांहून जास्त लागली आणि आला तोही मोजक्या कामांपुरता. क्रिप्टोवाल्यांना एवढं थांबावं लागलं असतं का? नुसतं सॉफ्टवेअर बसवलं म्हणजे कायदा बदलला असं मी मानणार नाही. पगाराच्या दिवशी कॅम्पजवळच्या एटीएमपाशी एक इन्स्पेक्टर उभा करा, तासाभरात सगळं कळेल.

तुमच्यापैकी बरेच जण इथे साइट ऑफिसात आहात. येत्या पगाराला आपल्या माणसांची कार्डं कुणाच्या खिशात आहेत तेवढं बघा. खरंच बघा.

रात्री मामाला फोन करून सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पैसे मोजून कुणाकुणाला दिलेन, ते बघितलंस का?"

नाही बघितलं, मामा. माझा नंबर आला होता.