टॅपेट ऐकण्यासाठी वीज जावी लागते

वीज जाण्याची आतुरतेने वाट पाहणारा माणूस सबंध सोलापुरात मी एकटाच असेन. अशोक चौकाच्या मागच्या आमच्या बोळात वीज असली, की चहूबाजूंनी यंत्रमाग चालू असतात आणि त्या खडखडाटात शेजाऱ्याला दिलेली हाकच काय, शिवीसुद्धा दोनदा द्यावी लागते. अशा ठिकाणी मोटारीच्या इंजिनाचा टॅपेट, म्हणजे झडपेला ढकलणारा भाग, वाजतो आहे की नाही हे कानाने ओळखायचे, तर आधी वीज गेली पाहिजे. आणि ते इंजिन ज्यावर ठेवायचे त्या लोखंडी सांगाड्याचे वेल्डिंग करायचे, तर वीज असली पाहिजे. गेली दीड वर्षे मी या दोन अटींच्या कात्रीत सापडलो होतो. वेल्डिंगसाठी काळी काच डोळ्यांवर घेतली, की वीज जाई. आणि इंजिनाला कान लावून बसलो, की ती परत येई.

या सगळ्याचे मूळ म्हणजे वडिलांची 1979 सालची प्रीमियर पद्मिनी, जिला आमच्या घरात कोणीही कधी फियाट याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही. ती आठ वर्षे अंगणातल्या बदामाखाली उभी राहिल्याने तिचे इंजिन पुरते जाम झाले होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर हाताला काम हवे म्हणून मी एक जुने इंजिन विकत आणले. चार सिलिंडर, 1089 सीसी, आणि विकणाऱ्याच्या शब्दांत ‘चालू कंडिशन’. या दोन शब्दांचा अर्थ एवढाच, की ते इंजिन कधी ना कधी चालू होते. जन्मभर दुसऱ्यांची कर्जप्रकरणे तपासण्यात गेल्यामुळे मला तारणाची खात्री करून घेतल्याशिवाय झोप येत नाही. इंजिन गाडीत बसवायला एक अख्खा दिवस जातो. ते चालू केल्यावर मागच्या सीलमधून ऑइल गळताना दिसले, तर ते पुन्हा काढायला दुसरा. म्हणून मी ठरवले, की इंजिन आधी बाहेरच चालवून पाहायचे आणि त्यासाठी घरीच एक टेस्ट स्टँड तयार करायचा. हिशेब असा होता, की दोन रविवारांत स्टँड, तिसऱ्या रविवारी चाचणी आणि चौथ्या रविवारी फियाटमधून सहकुटुंब अक्कलकोट.

कार्यशाळेचा प्रश्न नव्हता. घराच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली आहे, जिच्यात पूर्वीच्या मालकाचे दोन माग होते; फरशीतून वर आलेले त्यांचे बोल्ट अजून तसेच आहेत आणि माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला ते नेमके कुठे आहेत हे पाठ आहे. लोखंडाचाही प्रश्न नव्हता, असे मला वाटले होते. सोलापुरात जुने माग भंगाराच्या भावाने, वजनावर जातात. त्यांतल्या एका मागाच्या दोन्ही बाजूंच्या चौकटी मला मिळाल्या. ज्या चौकटीने दिवसरात्र धोट्याचे हादरे सोसले, तिला फियाटच्या इंजिनाचे काय ओझे, अशा विचाराने मी त्या हातगाडीवर घालून वाजतगाजत घरी आणल्या.

वेल्डरने चौकटीवर हातोडीचा एक हलका ठोका मारला, आवाज ऐकला आणि रॉड पुन्हा पुडक्यात ठेवला.

“बीड हाय ओ साहेब. तडकतंय.”

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्याच्यात कर्बाचे प्रमाण जास्त असल्याने ते भार सोसते, हादरेही गिळते. पण एका जागी तापून पुन्हा निवताना ते आखडू पाहते आणि वाकायचे माहीत नसल्याने सरळ तडकते. त्यासाठी निकेलचा महागडा रॉड, आधीची शेकणी आणि राखेत सावकाश निववणे असा सारा बाळंतविडा लागतो. हे सगळे वेल्डरने मला नीट समजावून सांगितले आणि मी, पदवीधर असल्यामुळे, ऐकले नाही. मी स्वतःच्या हाताने साध्या रॉडने एक टाका मारला. टाका सुंदर आला होता. आम्ही चहा घेत असताना खोलीतून देवळातल्या घंटेसारखा एकच स्वच्छ ‘टण्ण’ असा आवाज आला. वेल्डरने बशी खाली ठेवली नाही, मागे वळूनही पाहिले नाही. “तडकलं,” एवढेच तो म्हणाला.

मग रीतसर पन्नास-सहाचा, म्हणजे पन्नास मिलिमीटर बाजूचा आणि सहा मिलिमीटर जाडीचा, लोखंडी अँगल आणला. तो मीटरला साडेचार किलो भरतो, म्हणजे सहा मीटरचा एक नग सत्तावीस किलो. असे चार नग लागले. सांगाडा जमिनीवर मांडून मी गुण्या लावला, दोन्ही कर्ण फितीने मोजले, ते मिलिमीटरपर्यंत सारखे भरले, आणि माझ्या अक्षराइतकाच माझा सांगाडाही वळणदार आहे याचे समाधान वाटले. वेल्डिंगनंतर तो खरोखरच वळणदार झाला. ज्या बाजूने शिवण घालावी त्या बाजूला लोखंड निवताना ओढले जाते, म्हणून आधी चारही कोपऱ्यांना नुसते टाके घालावेत आणि मग समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून भरत जाव्यात, ही गोष्ट पहिलीच बाजू टोकापर्यंत भरून झाल्यावर कळून उपयोग नसतो. स्टँड तीन पायांवर उभा राहू लागला. चौथ्या पायाखाली मी बँकेची जुनी डायरी ठेवली.

यानंतर एक साधी गोष्ट लक्षात आली, जी आधी यायला हवी होती. इंजिनाला फिरवणारी मोटर, जिला गॅरेजमध्ये सगळे ‘सेल्फ’ म्हणतात, ती बसते बेल हाउसिंगवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या आवरणावर, आणि बेल हाउसिंग येते गिअरबॉक्सबरोबर. नुसते इंजिन स्टँडवर चढवले, तर सेल्फला बसायला जागाच नाही. म्हणजे गिअरबॉक्सही वर घेणे आले, आणि गिअरबॉक्स घ्यायचा तर स्टँड दीड फूट लांब करणे आले. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद फक्त एक शब्दाची आहे: ‘वाढीव’. त्या वहीत खर्चाचे जे रकाने आहेत, त्यांच्या बेरजेप्रमाणे स्टँडची किंमत आजमितीस इंजिनाच्या चौपट झाली आहे. ही वही सौभाग्यवतींच्या हाती लागू नये म्हणून मी ती चुकीच्या नावाने, ‘विमा’ म्हणून, लावून ठेवली आहे.

वायरिंगबद्दल फार सांगण्यासारखे नाही. बॅटरी, कॉइल, चावी, ऑइलच्या दाबाचा काटा, तापमानाचा काटा आणि काही विपरीत घडल्यास सगळे तोडणारे एक लाल बटण एवढे फळीवर बसवले. उडत्या फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाच्या, गोष्टी ऐकून असल्याने हाउसिंगच्या उघड्या भागावर जाड पत्राही ठोकला. धुराच्या बाबतीत मात्र मी चालढकल केली नाही. पेट्रोल इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि बंद खोलीत तो माणसाला ओरडायचीही सवड देत नाही. त्यामुळे चाचणी अंगणातच घ्यायची, असे मी ठरवले. त्यासाठी स्टँडला चाके लावली. हा निर्णय सुरक्षिततेच्या दृष्टीने घेतला होता, हे वाचकांनी पुढचा मजकूर वाचताना ध्यानात ठेवावे.

खरा पेच पाण्याचा होता. रेडिएटर गळका निघाला, तेव्हा मोठ्या कारखान्यांतली युक्ती करायची ठरवली: रेडिएटरऐवजी दोनशे लिटरचे पिंप. खालून थंड पाणी इंजिनात ओढले जाते, वरून गरम परत येते आणि पिंपात इतके पाणी असते, की ते तापता तापता आपली चाचणी संपते. युक्तीत काही दोष नाही. दोष एवढाच, की ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तिथे दोनशे लिटर पाणी इंजिनाला द्यावे अशी मागणी मी मे महिन्यात घरात मांडली.

“अहो, पाणी तुम्हाला देते,” सौभाग्यवती म्हणाल्या, “पण ते परत गरम होऊनच मिळणार असेल, तर माझं धुणं त्यातच काढीन.”

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दोनशे लिटर पाणी तीस अंशांवरून सत्तरपर्यंत न्यायचे म्हणजे आठ हजार किलोकॅलरी. एक लिटर पेट्रोलमध्ये जेमतेम तेवढीच उष्णता असते. पण तिच्यातला साधारण तिसरा हिस्साच इंजिनाच्या पाण्यात उतरतो, बाकीची धुराबरोबर जाते किंवा कामी येते. म्हणजे एका धुण्याला तीन लिटर पेट्रोल. हा आकडा मी प्रामाणिकपणे सांगितला. त्यावर आमच्या घरात जे बोलणे झाले, ते शेजाऱ्यांना ऐकू आले नाही, कारण सुदैवाने त्या वेळी वीज होती.

पहिली चाचणी एका संध्याकाळी. पुतण्या त्यासाठी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने आला होता. त्याच्या हातात मोबाइल आणि चेहऱ्यावर आम्हा दोघांपैकी एकालाच समजणारे हसू होते. मी स्पार्क प्लगच्या वायरी 1-3-4-2 या क्रमाने लावल्या होत्या, पुलीवरची खूण जुळवली होती, कशातही चूक नव्हती. सेल्फ मारला. इंजिनाने दोन गिरक्या घेतल्या आणि कार्बुरेटरच्या तोंडातून हातभर ज्वाळेसह असा काही बार निघाला, की समोरच्या माडीवरच्या आजींनी जानेवारीत भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेतले दारूकाम यंदा मेमध्ये कसे, अशी विचारणा केली. पाठोपाठ कार्बुरेटरने पेट घेतला. अग्निशामक नळकांडे खोलीत होते, म्हणजे सुरक्षित होते. दोरीवर वाळत घातलेली अर्धी ओली सोलापुरी चादर पुतण्याने खेचली आणि इंजिनावर टाकून दोन्ही हातांनी दाबून धरली. आग क्षणात गुदमरली. चादरीला बोटभर काळा डाग सोडता काहीही झाले नाही. पुढे धुण्यात तिचा रंगही गेला नाही. डागही गेला नाही.

चूक होती, ती अशी. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचे पिस्टन एकदमच वर येतात, त्यामुळे पुलीवरची खूण दोन वेळा जुळते: एकदा पहिल्यात मिश्रण दाबलेले असताना आणि एकदा त्यातला धूर बाहेर पडून नवी हवा आत येऊ लागताना. मी दुसरी वेळ पकडून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग, बसवला होता. ठिणगी अगदी वेळेवर, पण एक फेरा चुकून पडत होती. बँकेत आम्ही याला ‘रक्कम बरोबर, खाते चुकीचे’ म्हणत असू.

डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा फिरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा सेल्फ मारला आणि इंजिन चालू झाले. खरोखर चालू झाले. मी हर्षाने ॲक्सिलरेटरची तार ओढली आणि स्टँड निघाला. मागांच्या कारखान्यातून आणलेल्या ट्रॉलीच्या चाकांना ब्रेक नसतो, आणि पावसाचे पाणी साचू नये म्हणून अंगणाला मोरीच्या बाजूने उतार मीच दिलेला होता. थरथरत, ठेचकाळत, पण निश्चित ध्येयाने तो सांगाडा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यासह, नळ्यांनी बांधलेल्या पिंपाला ओढू पाहत, तुळशीकडे जाऊ लागला. पिंप जागचे हलले नाही, नळीच निसटली. लाल बटण फळीवर होते, फळी स्टँडवर होती आणि स्टँड चालत होता, त्यामुळे ते दाबण्यासाठी मला त्याच्या बरोबरीने उलटे चालावे लागले. तुळशीपासून वीतभर अंतरावर आम्ही दोघेही थांबलो. चाके काढून टाकली. बँकेची डायरी पुन्हा चौथ्या पायाखाली गेली.

राहिला होता फक्त आवाज. इंजिन चालत असे, काटे जागेवर येत. पण आत कुठेतरी काहीतरी टकटकत आहे असा संशय मला होता आणि मागांच्या गजरात तो संशयच राहत होता. शेजारचे जॉबरमामा एका गिरणीत तीस वर्षे जॉबर, म्हणजे मागांची देखभाल पाहणारे मुकादम, होते आणि त्यांचा कान आजही असा आहे, की बोळातून जाताना कोणाच्या मागाचा पट्टा सैल झाला आहे ते दारातून ओरडून सांगतात. मी त्यांना विनंती केली. त्यांनी एकच अट घातली: लाइट गेल्यावर बोलवा.

आम्ही नऊ दिवस थांबलो. नवव्या दिवशी सातच्या सुमारास दिवे गेले, माग एकामागून एक घरंगळत बंद पडले आणि बोळात अशी शांतता पसरली, की कोणाच्या तरी घरातली शेंगा कुटण्याची धपधप ऐकू येऊ लागली. मामा चप्पल न घालताच आले. इंजिन चालू केले. मामांनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि टोक झाकणावर एकेक बोट सरकवत नेले. डोळे मिटलेले, ओठ किंचित हलणारे. पाचव्या-सहाव्या जागेवर ते थांबले, मागे आले, पुन्हा पुढे गेले.

“ह्यो बगा. तिसऱ्याचा. कसलं ढिल्लं ठेवलाव ओ साहेब, कागदाचं काम हाय, तुमी पुठ्ठा घातलाव.”

इंजिन बंद करून झाकण काढले आणि बॅटरीच्या उजेडात टॅपेटची फट मोजली. फिलर गेज म्हणजे फट मोजायच्या पातींचा संच, त्यातली जाड पात तिथे सहज आत-बाहेर जात होती. नट सैल केला, स्क्रू पाव फेरा आवळला, योग्य पात किंचित अडखळत सरकू लागल्यावर नट घट्ट केला. मामांनी ते पुन्हा स्वतः पाहिले. झाकण लावले, सेल्फ मारला. यावेळी इंजिनाचा आवाज एकसंध, मऊ आणि असा सलग होता, की सौभाग्यवती कणकेच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि काही बोलल्या नाहीत. आठ वर्षांपूर्वी फियाट रस्त्यावरून वळताना असाच आवाज यायचा. मामांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि मान हलवली. मी शक्य तितका वेळ तो आवाज ऐकायचा ठरवले.

तेवढ्यात दिवे आले. पहिला माग सुरू झाला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळा बोळ पुन्हा खडखडू लागला. मामा काहीतरी म्हणाले. मला फक्त ओठ दिसले. त्यांनी इंजिनाकडे बोट दाखवून हाताने विचारले, की हे चालू आहे की बंद पडले. मलाही सांगता येईना. मी वाकून ऑइलच्या दाबाच्या काट्याकडे पाहिले. काटा वरच होता.