पेशंटच्या पोटावर हात ठेवण्याआधी

सोमवारपासून ज्युनिअर बॅचची पहिली वॉर्ड पोस्टिंग सुरू होतेय आणि दोन दिवस झाले सगळ्यांचे मेसेज चालूत, स्टेथो कुठला घेऊ, हॅमर लागतो का, सर चिडतात का वगैरे. ते सगळं सांगेनच पण त्याच्याआधी एक गोष्ट लिहायचीये, जरा मोठी आहे, वाचा प्लीज.

माझी पहिली पोस्टिंग मेडिसिनला होती, विदर्भातल्या एका सरकारी हॉस्पिटलात. पहिलं वर्ष डिसेक्शन हॉलमध्ये गेलेलं, तिथला माणूस बोलत नाही, त्याला दुखत नाही. इथे फीमेल वॉर्डात शिरल्याबरोबर फिनेल, डब्यातल्या वरणभाताचा वास, कुणीतरी कण्हतंय, सिस्टर ओरडतायत की नातेवाईक बाहेर व्हा, आणि नवीन एप्रन घातलेले आम्ही वीस जण पेशंटपेक्षा जास्त घाबरलेले. जेआर टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाचे ज्युनिअर रेसिडेंट डॉक्टर, म्हणाले, कोपऱ्यातल्या बेडवर चांगली स्प्लीन आहे, बघून घ्या सगळे.

चांगली स्प्लीन. म्हणजे हाताला नीट लागणारी. स्प्लीन म्हणजे प्लीहा नॉर्मली डाव्या बरगड्यांखाली लपलेली असते, दुप्पट-तिप्पट वाढली तरच हाताला लागते, म्हणून अशी केस आली की सगळ्या बॅचेस तिकडेच. ती बावीस-तेवीस वर्षांची, गडचिरोलीकडची, सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पेशंट. आम्ही लाईन लावली. एकेक जण यायचा, उजव्या बाजूला खाली हात ठेवायचा, श्वास घ्या म्हणायचा, तिरका वर सरकत डाव्या बरगडीपर्यंत जायचा, नॉच, म्हणजे प्लीहेच्या कडेची खाच, लागली का बघायचा आणि पुढचा यायचा. पडदा अर्धा उघडा. नाव कुणीच विचारलं नाही, मीपण नाही. माझा नंबर नववा की दहावा होता आणि माझे हात थंडगार, घाबरल्यामुळे. तिने अंग चोरलं, मी हात मागे घेतला, तर तीच म्हणाली, "दाब व माय. तुमी नाई शिकान त कोन शिकन."

मला त्या वाक्याचं अजून वाईट वाटतं. परवानगी आम्ही मागायला हवी होती, ती तिने न मागता दिली.

दुपारी लेक्चर सोडून मी परत गेले, स्टूल ओढून बसले, आधी नाव विचारलं. पुस्तकातल्या क्रमाने हिस्ट्री घ्यायचा प्रयत्न केला पण ती तिच्या क्रमानेच बोलली. लहानपणापासून हाडं दुखतात, आणि "रोवणीच्या दिवसात पान्यात उभी रायली का हाडं फुटल्यावानी दुखते." सिकलमध्ये थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, इन्फेक्शन याने क्रायसिस, म्हणजे तीव्र दुखण्याचा झटका, येतो हे मी पाठ केलेलं होतं, पण धानाच्या बांधीत चिखलात दिवसभर वाकून उभी असलेली बाई डोळ्यासमोर आली ती तेव्हाच. केस शीटवर सकाळी आमच्यापैकी कुणीच व्यवसाय लिहिला नव्हता!! दुसऱ्या दिवशी राउंडला सरांनी विचारलं त्रास कशाने वाढतो, मी सांगितलं, सर म्हणाले व्हेरी गुड. ते व्हेरी गुड तिचं होतं.

आता माझं म्हणणं. २०१९ पासून आपल्या अभ्यासक्रमात एटकॉम आहे, म्हणजे वागणूक, नीतिमत्ता आणि संवादाचा भाग, संमती, पेशंटशी बोलणं, सगळं त्यात आहे, आपण लॉगबुक भरतो, सही घेतो. आणि मग वॉर्डात जाऊन एका दुखणाऱ्या पोटावर वीस हात ठेवतो. पेशंट नाही म्हणत नाहीत कारण त्यांना वाटतं नाही म्हटलं तर ट्रीटमेंट मिळणार नाही, याला मी संमती मानत नाही. जेआरना दोष देत नाहीये, छत्तीस-छत्तीस तास ड्युटी करून ते आम्हाला शिकवतात हेच खूप आहे. पण आपण स्वतः ठरवू शकतो की एका पेशंटला एका वेळी दोघा-तिघांनीच तपासायचं, बाकीच्यांनी उद्या किंवा दुसरी केस. पडदा ओढायचा, हात चोळून गरम करायचे आणि विचारायचं, मी विद्यार्थी आहे, तपासू का? नाही म्हणाल्या तर थँक यू म्हणून निघायचं, चेहरा पाडायचा नाही. तुमच्या गळ्यातला स्टेथो तरी कसा आला, १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं बरोबर वाटेना म्हणून त्याने कागदाची नळी केली. तिच्या संकोचाचा विचार केला म्हणून हे यंत्र आलं.

त्या दिवशी उठताना तिने विचारलं होतं, "मले लेकरू झालं त त्याले बी होईन का?" नुकतंच लग्न झालेलं. मला धड उत्तर देता येईना, जेआरना विचारून परत आले आणि सांगितलं की नवऱ्याची तपासणी करा, तो नॉर्मल असेल तर मूल फक्त वाहक होईल, आजार नाही, पण तोही वाहक असेल तर प्रत्येक वेळी निम्मी शक्यता आजाराची. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, हे आतापर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. नवरा दुसऱ्या दिवशी आला, बाहेर व्हरांड्यात बसून होता, मीच त्याला लॅबपर्यंत घेऊन गेले.

सोमवारी नऊला भेटू. स्टेथो कुठलाही चालेल.